टॅटू घालवायचाय? आधी कॅलेंडर बघा

साताऱ्यात माझं मेडिकलचं दुकान आहे आणि हाकेच्या अंतरावर दोन भरती अकॅडमी. सकाळचं मैदान आटोपलं की पोरं येतात, ग्लुकोज घेतात, क्रेप बँडेज घेतात. गर्दी ओसरली की एखादा काउंटरवर वाकून हळूच विचारतो, "काका, टॅटू घालवायची ट्यूब आहे का?"

नाही. माझ्याकडे नाही आणि कुणाकडेच नाही. टॅटूची शाई चामडीच्या वरच्या थराखाली, एक-दोन मिलिमीटर आत असते. वरून चोळलेलं मलम तिथवर पोचत नाही, आणि जे पोचतं ते ॲसिड असतं. ते शाईबरोबर चामडीही घेऊन जातं. चुना, बिब्बा, बॅटरीचं पाणी, सगळे प्रयोग या काउंटरवर येऊन गेलेत. बिब्बा लावलेला हात तर मी कधी विसरणार नाही. टॅटूच्या दुप्पट आकाराचा फोड, आणि महिन्याभराने खपली पडल्यावर खाली नाव होतं तसंच, फक्त सुरकुतलेलं.

उरतो लेसर. मी स्वतः त्यातून गेलोय. एकोणिसाव्या वर्षी गावच्या जत्रेत उजव्या हातावर विंचू गोंदवून घेतला होता, चाळिशीत तो घालवायला गेलो. त्यात एक चूक केली, ती पुढे सांगतो. आता ट्यूब मागणाऱ्या प्रत्येक पोराला जे तोंडी सांगतो, ते एकदाच लिहून ठेवतोय.

पहिलं काम: तारीख लिहा

डॉक्टरकडे जायच्या आधी कागदावर लिहा की टॅटू नेमका कधीपर्यंत गेलेला हवाय. मग हा हिशेब करा. काळ्या शाईचा, मशीनने नीट भरलेला टॅटू असेल तर सहा ते दहा सिटिंग हे साधं गणित धरा, जास्तही लागतात. दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे जाऊ द्यायचे असतात. आठ सिटिंग म्हणजे मधली सात अंतरं, प्रत्येकी आठ आठवडे. झाले छप्पन्न आठवडे. वर्ष उलटलं.

पोरं इथेच गळपटतात. कारण भरतीची मेडिकल तपासणी पुढच्या महिन्यात असते.

म्हणून भरतीवाल्यांनी आधी नियम वाचावेत. अनेकदा टॅटू घालवायची गरजच नसते. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो, बाकी ठिकाणी नाही. परंपरेने गोंदवून घेणाऱ्या आदिवासी समाजांतल्या उमेदवारांना वेगळी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचं धोरण आणखी बारीक आहे: नाव किंवा धार्मिक चिन्ह चालतं, पण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कारण सॅल्यूट उजव्या हाताने करतात, किंवा मग हाताच्या पाठीवर. आकारही त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा कमी हवा. ज्या भरतीत उतरणार तिची चालू जाहिरात स्वतः वाचा, मित्राच्या मोबाइलवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका. माझा विंचू उजव्या हाताला, बाहेरच्या बाजूला. म्हणजे मी दोन्हीकडे बाद.

लग्नाची तारीख असेल तरी गणित तेच. माझी चूक इथूनच सुरू झाली. मे महिन्यात मेहुणीचं लग्न होतं, फोटोत विंचू नको असा घरून हुकूम होता, आणि मी निघालो फेब्रुवारीत.

लेसर काय करतो आणि काय करत नाही

हे कळलं की पुढचे सगळे नियम आपोआप कळतात, म्हणून इथे जरा थांबू.

टॅटू गोंदवताना सुई शाई आत सोडते. शरीराला ती परकी वाटते. मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावत येतात आणि शाईचे कण गिळतात. लहान कण वाहून जातात, मोठे कण या पेशींना ना पचतात ना उचलता येतात. त्या तिथेच पोट भरून बसून राहतात, आणि आपल्याला बाहेरून दिसतो विंचू. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर एक मजेशीर गोष्ट दाखवली. त्यांनी शाई धरून बसलेल्या या पेशी मारून टाकल्या, तरी टॅटू जसाच्या तसा राहिला. जुनी पेशी मेली की शाई सांडते आणि शेजारी आलेली नवी पेशी ती परत गिळते. टॅटू वर्षानुवर्षं टिकतो तो असा, एका पेशीकडून दुसरीकडे सोपवला जात.

लेसरचं काम एवढंच की मोठे कण फोडून बारीक करायचे. बारीक झालेला चुरा उचलायचं काम शरीराचं. तो चुरा लसिकावाहिन्यांतून, म्हणजे शरीरातला निचरा वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, निघतो, त्यातला काही जवळच्या गाठींमध्ये जाऊन बसतो. या उचलण्याला आठवडे लागतात. दोन सिटिंगमधला वेळ 'वाया' जातोय असं पोरांना वाटतं, पण टॅटू फिका होतो तो त्याच काळात. मशीनखाली जातात ती पाच-दहा मिनिटं फक्त फोडाफोडीची.

आता फोडायचं कसं? १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी त्याचं तत्त्व मांडलं. ज्या रंगात जी प्रकाशलहर जास्त शोषली जाते ती निवडायची, आणि झोत इतका क्षणभर सोडायचा की कण तापून फुटेल पण उष्णता शेजारच्या चामडीत पसरायला वेळच मिळणार नाही. हा 'क्षणभर' म्हणजे नॅनोसेकंद. एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातला एक. टॅटूसाठी वापरतात तो क्यू-स्विच लेसर अशा पाच-दहा तुकड्यांत काम उरकतो. पिको लेसरचा झोत त्याहून आखूड असतो.

केस काढायच्या मशीनचा झोत मात्र मिलिसेकंदांत मोजतात. नॅनोसेकंदाच्या हिशेबात तो जन्मभराचा काळ. कण फुटत नाही, तापतो, आणि आजूबाजूची चामडी भाजतो.

माझी फेब्रुवारीतली चूक ती हीच. घाईत एका ब्युटी पार्लरमध्ये गेलो. "आमच्याकडे लेसर आहे, दोन सिटिंगमध्ये क्लीन," असं सांगितलं गेलं. मशीन केस काढायचं होतं, हे मला फार नंतर कळलं. मेडिकलवाला असून! विंचवाच्या नांगीवर फोड आला, फुटला, चिघळला. लग्नात मी फुल शर्ट घालून घामाने निथळत उभा होतो.

स्वतःच्या टॅटूकडे उजेडात बघा

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये किती सिटिंग लागतील याचा अंदाज बांधायला एक गुणपद्धत काढली, कर्बी-देसाई तिचं नाव. त्यात सहा गोष्टी बघतात: चामडीचा रंग, टॅटूची जागा, शाईचे रंग, शाई किती भरलीय, आधीचा व्रण आहे का, आणि एकावर एक टॅटू केलाय का. डॉक्टरकडे जायच्या आधी हे तुम्ही स्वतःही बघू शकता.

सगळ्यात सोपा काळा रंग, तो जवळजवळ प्रत्येक लेसर शोषतो. लाल जातो, पण त्याला ५३२ नॅनोमीटर लांबीची लहर लागते, आणि ती आपल्या सावळ्या चामडीलाही चावते. हिरवा-निळा चिवट. त्याला ७५५ किंवा ६९४ च्या लहरी हव्यात, त्यांचीही सावळ्या चामडीवर तीच अडचण. पिवळा तर डॉक्टरांचा घाम काढतो. पांढरा, चामडीच्या रंगाचा आणि भुवया-ओठांच्या कॉस्मेटिक टॅटूतला गुलाबी-तपकिरी रंग धोक्याचा, कारण त्यात टायटॅनियम किंवा लोहाची ऑक्साइडं असतात आणि लेसर पडताच ती क्षणात काळी पडू शकतात. पार्लरमध्ये भुवया भरून घेतलेल्या ताईंनी हे दोनदा वाचावं. भुवई फिकी करायला जावं आणि कोळशासारखी होऊन यावी, असं होतं.

जागाही महत्त्वाची. मान, छाती, दंड इथला टॅटू लवकर हलतो, घोट्याजवळचा आणि पावलावरचा रेंगाळतो, कारण तिथलं रक्ताभिसरण आणि लसिकेचा निचरा मंद. जुनं नाव झाकायला वर गरुड काढलेला असेल तर शाई दुप्पट, सिटिंगही वाढणार.

टॅटूवरून डोळे मिटून बोट फिरवा. उंचवटा लागला तर खाली व्रण आहे. शाई जाईल, उंचवटा राहील, आणि मग लोक म्हणतात लेसरने डाग पडला. हा डाग सुईने आधीच पाडलेला असतो. टॅटूत तीळ दडलेला असेल तर तोही डॉक्टरांना आधी दाखवा. तिळाची तपासणी झाल्याशिवाय त्यावर लेसर मारू देऊ नका.

गोंदणाचं काय, हेही विचारतात. जुन्या बायांच्या कपाळावरची, हनुवटीवरची, हातावरची गोंदणं काजळीच्या शाईची, कमी भरलेली. अशी हाताने टोचलेली काळी गोंदणं मशीनच्या टॅटूपेक्षा कमी सिटिंगमध्ये फिकी होतात, चार-सहात बराच फरक दिसतो. सुई कधी वर कधी खोल गेलेली असते, त्यामुळे ती एकसारखी जात नाहीत, ठिपके-ठिपके मागे राहतात. माझ्या आत्याच्या हातावर तुळस आहे. नातीने काढू या म्हटलं, तर आत्या म्हणाली, "दागिने सगळे काढून घ्याल, वर जाताना एवढंच सोबत येणारंय." विषय संपला.

मशीन आणि माणूस

माणूस आधी बघा. एम. डी. किंवा डिप्लोमा झालेला त्वचारोगतज्ज्ञ, नाहीतर प्लास्टिक सर्जन. नोंदणी क्रमांक बोर्डावर असतो. नसला तर मागा, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर घालून बघा. पाच मिनिटांचं काम. लेसर हातात धरणारा कोण असेल हेही विचारा, कारण पाटीवर डॉक्टर आणि खोलीत तीन दिवसांपूर्वी रुजू झालेला मुलगा, असंही असतं.

मग मशीन. मला वाटतं हा एकच प्रश्न निम्मी फसवणूक थांबवेल: "माझ्या काळ्या शाईसाठी कुठली लहर वापरणार?" उत्तर यायला हवं, क्यू-स्विच किंवा पिको एन-डी-यॅग (हे लेसरचं नाव), १०६४ नॅनोमीटर. आपल्या चामडीत मेलॅनिन, म्हणजे तिला सावळेपणा देणारं रंगद्रव्य, जास्त. चामडीचे सहा प्रकार मोजतात, त्यात आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात बसतो. मेलॅनिनही रंगच आहे, तोही लेसर शोषतो. लहर जितकी आखूड तितका जास्त. १०६४ ची लहर लांब, मेलॅनिनला फारशी न दुखावता खोल जाते आणि शाईवर पडते. 'आयपीएल' किंवा 'डायोड', म्हणजे केस काढायची मशीनं, असं उत्तर आलं तर पाणी पिऊन बाहेर पडा.

पिको घ्यावा का? काही टॅटूंना, विशेषतः चिवट रंगांना, त्याने कमी सिटिंग लागतात. दरही चढे असतात. साध्या काळ्या विंचवाला जुना क्यू-स्विच चालतो, हात सरावलेला हवा. हे माझं मत. माझी सगळी खरी सिटिंग जुन्या मशीनवरच झाली.

पैशाचं बोलताना एका सिटिंगचा दर विचारून परत येऊ नका. अंदाजे किती लागतील, ठरलेल्यापेक्षा जास्त लागली तर दर काय, तपासणी आणि औषधं त्यात धरलीत का, हे विचारा. दहा सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरायचा आग्रह होत असेल तर मी भरणार नाही. चौथ्यानंतर थांबावंसं वाटलं तर पैसे कुणाकडे मागणार?

आणि 'शंभर टक्के, डागाशिवाय' असं म्हणणाऱ्याला नमस्कार करा. इटलीत ३५२ जणांचा एक अभ्यास झाला, २०१२ मध्ये तो छापून आला. क्यू-स्विचची दहा सिटिंग झाल्यावर टॅटू यशस्वीपणे गेलेले ४७ टक्के, पंधरानंतर ७५ टक्के. ही मंडळी युरोपातली, बहुतेकांची चामडी आपल्यापेक्षा उजळ. म्हणजे त्यांच्यावर लेसर जोरात चालवता येतो, तरी हे आकडे. त्याच अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांना दहा सिटिंगमध्ये यश मिळण्याची शक्यता बरीच कमी दिसली. एका हाताने टॅटूबद्दल विचारत दुसऱ्या हाताने सुटी सिगारेट मागणाऱ्यांना मी हे आवर्जून ऐकवतो.

डॉक्टरांपासून लपवू नका

गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर लेसर पुढे ढकलतात. कान टोचल्यावर, लस घेतल्यावर गाठीसारखा फुगलेला व्रण राहिला असेल तर तो किलॉइड, आधी दाखवा. अंगावर कोड असेल तर सांगाच, कारण कोडाच्या माणसाला जिथे जखम होते तिथे नवा चट्टा उमटू शकतो.

मुरमांच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील, तर अनेक डॉक्टर सहा महिने थांबवतात. डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाने चामडी उन्हाला हळवी होते. सांधेवातासाठी पूर्वी सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं देत. ती कधी घेतली असतील तर क्यू-स्विच लेसरने चामडी तिथल्या तिथे निळी-काळी पडू शकते, आणि हा डाग जाता जात नाही.

एक गोष्ट कुणीच आपणहून सांगत नाही: गोरं व्हायची ट्यूब. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं, महिनोन्‌महिने लावून चामडी कागदासारखी पातळ होते. तिच्यावर लेसर म्हणजे भाजणं ठरलेलं.

टॅटूच्या लाल भागाला अधूनमधून खाज येत असेल, तो फुगत असेल, तर ती लाल शाईची ॲलर्जी असू शकते. असा टॅटू लेसरने फोडला की ॲलर्जीचं कारण अंगभर पसरू शकतं. सगळ्या अंगावर गांधी उठू शकतात, क्वचित धापही लागते. अशा वेळी डॉक्टर दुसरा मार्ग काढतात.

जत्रेत टॅटू गोंदवून घेतलेल्यांसाठी थोडं वाकडं बोलतो. त्या दिवशी तुमच्या आधी त्याच सुईने किती जणांचे हात टोचले होते? मला आठवतंय, माझ्या पुढे चौघं होते आणि माणूस सुई फडक्याला पुसत होता. बी आणि सी कावीळ आणि एचआयव्ही, तिन्हीची तपासणी एकदा करून घ्या. मी वीस वर्षांनी केली. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस दुकानात बसून पेपर उलटा धरून वाचत होतो.

ठिपक्याची चाचणी

चांगला डॉक्टर पहिल्याच दिवशी सगळ्या टॅटूवर लेसर फिरवत नाही. कोपऱ्यातला एक ठिपका घेतो, कमी ताकदीने मारतो आणि चार ते आठ आठवडे बघतो. चामडी काळवंडली का, पांढरी पडली का, व्रण उठतोय का. भुवयांच्या आणि रंगीत टॅटूंना तर ही चाचणी हवीच. माझ्या डॉक्टर मॅडमनी विंचवाच्या एका पायावर चाचणी केली आणि म्हणाल्या, दीड महिन्याने या. मी म्हटलं, आज निम्मा तरी करा. त्यांनी भाजलेल्या नांगीकडे बोट दाखवलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

सिटिंगचा दिवस

ऊन लागून रापलेला हात घेऊन जाऊ नका, डॉक्टर परत पाठवतील. टॅटूवर क्रीम, पावडर, अत्तर काही नको.

सुन्न करायचं मलम लावतात: लिडोकेन आणि प्रिलोकेन, अडीच-अडीच टक्के. जाड थर, वर प्लॅस्टिकची पट्टी, तासभर. घरून लावून यायला सांगितलं तर सांगितलं तेवढंच लावा. पाठभर टॅटूवर तीन ट्यूब थापल्या तर औषध रक्तात उतरतं आणि प्रकरण गंभीर होतं.

खोलीत गेल्यावर आधी डोळ्यांवर चष्मा. गॉगल नव्हे, त्या लहरीसाठीचा चष्मा. त्याच्या काचेवर १०६४, ५३२ असे आकडे छापलेले असतात, वाचून घ्या. १०६४ चा झोत डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याने डोळ्याचा पडदा भाजला तरी दुखत नाही. कळतं तेव्हा नजर गेलेली असते. भुवयांचं काम असेल तर पापणीच्या आत धातूची वाटी बसवतात. नुसता कापूस ठेवणाऱ्याकडून भुवई करून घेऊ नका.

मग सुरू होतं टक्, टक्, टक्. केस जळल्याचा वास येतो. दुखणं कसं म्हणाल तर भजी तळताना मनगटावर तेल उडतं ना, तसं, फक्त ते उडतच राहतं. मी दुसरीकडे बघायचं ठरवलं होतं, पण बघत राहिलो. प्रत्येक टकीसरशी विंचवाचा एकेक तुकडा पांढरा पडत गेला, खडूने गिरवावा तसा. कण फुटताना निघालेल्या वाफेचे आणि वायूचे ते बुडबुडे. पाच मिनिटांत हातावर पांढराशुभ्र विंचू. वाटलं, गेला! पंधरा-वीस मिनिटांनी बुडबुडे विरले आणि तो परत काळा झाला, वर थोडा सुजून. मॅडम हसल्या. सगळे पहिल्या दिवशी फसतात म्हणे.

मोठा रंगीत टॅटू एका दिवसात करून घेऊ नये. २०१५ मध्ये जर्मन संशोधकांनी प्रयोगशाळेत निळ्या थॅलोसायनिन शाईवर रुबी लेसर सोडला, तेव्हा त्यातून हायड्रोजन सायनाइड आणि बेंझीन ही विषारी रसायनं निघाल्याचं मोजलं. ते भांड्यातलं द्रावण होतं, हात नव्हे. पण थोडा भाग एका वेळी घ्यावा, खोलीत धूर ओढून घेणारी नळी असावी, हे शहाणपणाचं.

घरी आल्यावर

पहिले काही तास थंड घड्या, बर्फ थेट नको. नंतर रोज साध्या पाण्याने हलके धुवा, टिपून कोरडं करा, व्हॅसलिनचा पातळ थर, वर न चिकटणारी पट्टी. डॉक्टरांनी प्रतिजैविक मलम दिलं तर ते. बस्स. हळद, तूप, टूथपेस्ट, कुंडीतली कोरफड यातलं काही लावायचं नाही. हळदीवर माझी श्रद्धा आहे, ती मी आमटीत घालतो.

लाली, सूज, टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके, एक-दोन दिवसांत पाण्याचा फोड, मग आठवडा-दोन आठवडे खपली, हे सगळं अपेक्षित आहे. फोड फोडू नका, मोठा असेल तर डॉक्टर निर्जंतुक सुईने पाणी काढतील. खपलीला खाज सुटते तेव्हा हात बांधून ठेवा, कारण ओढून काढलेल्या खपलीखालीच व्रण उठतो. जखम भरेपर्यंत विहिरीत पोहणं, मातीतलं मैदान, कुस्ती बंद.

लाली रोज पसरत असेल, पू आला, ताप आला, काखेत गाठ ठणकू लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अंगभर गांधी, ओठ-डोळे सुजणं, श्वास अडकणं असं काही झालं तर जवळचं हॉस्पिटल, तेही लगेच. माझ्या दुकानात गोळी मागायला थांबू नका.

मधले दोन महिने

खरी परीक्षा उन्हाची. लेसरनंतरच्या नाजूक चामडीला ऊन लागलं की ती काळवंडते आणि काळवंडलेल्या चामडीवर डॉक्टर पुढचं सिटिंग करत नाहीत. भरतीची पोरं सकाळ-संध्याकाळ मैदानावर असतात, त्यांनी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालावा. जखम भरल्यावर ३० च्या वर एसपीएफचं सनस्क्रीन, दोन-तीन तासांनी पुन्हा. जमत असेल तर सुरुवात पावसाळ्यात करा.

दर सिटिंगच्या आधी त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढा. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही. चौथ्या सिटिंगला मी वैतागून म्हटलं, काही झालेलं नाही. मॅडमनी पहिला फोटो शेजारी धरला. मी मुकाट्याने हात पुढे केला.

चारच आठवड्यांनी उरकू या, असा लकडा लावू नका. एकाच दिवशी वीस-वीस मिनिटांच्या अंतराने तीन-चार वेळा लेसर फिरवायची पद्धतही आहे, २०१२ मध्ये ती मांडली गेली. पण आपल्यासारख्या चामडीवर ती मागून घेऊ नका, डॉक्टरांना ठरवू द्या. काळवंडणं बहुतेक वेळा महिन्यांत ओसरतं. पांढरं पडणं मात्र कधीकधी कायमचं राहतं.

कधी थांबायचं

लागोपाठ दोन-तीन सिटिंगमध्ये फोटोत फरक दिसेनासा झाला की डॉक्टरांशी मोकळं बोला. सहा महिने थांबून बघता येतं, उचलणारी यंत्रणा तोवरही काम करत असते. छोटा टॅटू असेल तर कापून टाके घालता येतात. रेघेसारखा व्रण राहतो, पण मोकळं होता येतं. तारीख जवळ असलेल्या भरतीवाल्यांना कधीकधी हेच सुचवलं जातं, त्यालाही भरायला आठवडे द्यावे लागतात. आणि नुसतं नाव झाकून नवा टॅटू करायचा असेल तर तीन-चार सिटिंगमध्ये फिका करून थांबलं तरी पुरतं.

मी नवव्या सिटिंगला थांबलो. पावणेदोन वर्षं गेली. विंचू म्हणून ओळखू येईल असं काही उरलेलं नाही, नीट बघितलं तर करडी सावली दिसते. पार्लरमध्ये भाजलेली नांगी तेवढी पांढरी राहिली आहे. हिवाळ्यात कुणाच्या लक्षात येत नाही. एप्रिल-मेमध्ये हात रापला की ती वाकडी पांढरी रेघ चांगली उठून दिसते, आणि काउंटरवरचा एखादा पोरगा हमखास विचारतो, "काका, हे काय लागलंय?"